लाटण्याच्या पलीकडचं हायडेलबर्ग

बाई,

तुम्ही असताना मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, कारण ते लाल पेनाने तपासून परत आलं असतं. आता ती भीती नाही, म्हणून लिहितेय. मी रियाधला असते. नवरा इथल्या एका बँकेत कॉम्प्युटर सांभाळतो, मुलगा इंडियन स्कूलमध्ये नववीत आहे आणि मी मराठीत काही विचारलं की इंग्रजीत उत्तर देतो. मी अल मलाझमधल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत युरोपच्या टेबलावर बसते. युरोपचं टेबल म्हणजे ज्याच्यावर एसीचं पाणी ठिबकतं ते. ज्या युरोपात मी पाऊल ठेवलेलं नाही तो मी रोज लोकांना विकते. तुम्हीही जन्मभर तेच केलंत, त्यामुळे निदान तुम्ही तरी मला हसणार नाही.

तर झालं असं. अलीकडे लोक तिकिटं मोबाइलवरच काढतात. आमच्या एजन्सीत माणसं येतात ती बऱ्याचदा थंडाव्यासाठी. मॅनेजर केरळचे आहेत, सज्जन गृहस्थ. गेल्या वर्षी त्यांनी मला दोनदा बोलावून घेतलं आणि दोन्ही वेळा घसा खाकरून परत पाठवलं. युरोपचं टेबल काढायचं वरून ठरत होतं, ते मला सांगायचं धाडस त्यांना होत नव्हतं. अशात एके दिवशी अल खर्जहून एक सौदी माणूस त्याच्या आईला घेऊन आला. तिशीतला, उंच, नम्र. त्यांचा गाईंचा मोठा फार्म आहे. आईचे दोन्ही गुडघे गेलेले, आणि एका गुडघ्याचं ऑपरेशन हायडेलबर्गच्या दवाखान्यात करायचं त्याने ठरवलेलं. आई सोफ्यावर बसली, म्हणजे मुलाने तिला हळूहळू बसवलं, आणि तो काउंटरवर वाकून इंग्रजीत हळूच म्हणाला, "ती जायला तयार नाही. म्हणते, मरायचं तर घरी मरेन, अनोळखी गावात कशाला? तिला ते गाव बघावंसं वाटलं पाहिजे. तसं काही सांगाल का?"

हायडेलबर्ग हे नाव ऐकून मी हातातलं पेन खाली ठेवलं. पण मी तोंड उघडायच्या आत मॅनेजरनी त्या बाईंना त्यांच्या सफाईदार अरबीत सांगून टाकलं की आमच्या मॅडम तिथे राहून आल्या आहेत. बाईंनी बुरख्यातून माझ्याकडे पाहिलं. "तू तिथे राहिलीस?" मी हो म्हटलं. आता काय सांगू, बाई, टेबल डोळ्यांसमोर होतं. त्या म्हणाल्या, "मग माझ्या घरी येऊन सांग. इथे फार गारठा आहे." ती माणसं गेल्यावर मी मॅनेजरना विचारलं, हे काय बोललात? ते शांतपणे म्हणाले, "झूठ क्या है मॅडम? आप का मन उधर रहा है." त्यांची हिंदी अशीच आहे, पण त्या दिवशी तिच्यात मला चूक सापडली नाही.

कारण मी राहिले होतेच की, तुमच्या स्वयंपाकघरात. हॉलमध्ये तुमच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून शिकवणी आत चालायची. तुम्ही पोळ्या करताय, मी टेबलाशी वही उघडून बसलेय, आणि तुम्ही पाठमोऱ्याच विचारताय, पूल कोणत्या लिंगाचा? मी म्हणतेय, पुल्लिंगी. "तो मराठीत. जर्मनमध्ये पूल बाई आहे. डी ब्रुके." एकदा मी वैतागून म्हटलं की ज्या भाषेत मुलगीसुद्धा नपुंसकलिंगी, ती भाषा मला शिकायची नाही. तुम्ही पोळी उलटत म्हणालात, "कोकणात मुलीला 'ता चेडू' म्हणतात. आधी तिथे जाऊन भांड. मग जर्मनांकडे वळू." पोळ्या झाल्या की टेबलावर गाव मांडायचं. लाटणं आडवं ठेवलं की ती नेकर नदी. त्यावर चिमटा, तो जुना पूल. पुलाच्या तोंडाशी लसणाचा गड्डा, ते माकड. पुढे मिठाची बरणी, म्हणजे बाजारचौकातलं मोठं चर्च. काड्यापेटी म्हणजे दंगेखोर विद्यार्थ्यांना कोंडायचा तुरुंग. आणि उलट्या पातेल्यावर कुकर ठेवायचा, तो डोंगरावरचा पडका किल्ला. पडका म्हणून झाकण काढलेलं. मग तुमची पिठाची दोन बोटं चिमट्यावरून चालत चालत गावात यायची आणि त्यांना जे जे दिसेल ते मी जर्मनमध्ये सांगायचं.

मी निबंधात लिहिलं होतं, हायडेलबर्ग फार सुंदर गाव आहे. तुम्ही 'सुंदर'वर अशी काट मारलीत की मागचं पानही फाटलं. "सुंदर म्हणून काय सांगितलंस? बसायला कुठे मिळतं? चढ कुठे लागतो? पाऊस आला तर माणसाने कुठे उभं राहायचं?" मला तेव्हा फार राग आला होता. घरी येऊन मी आईला म्हटलं, बाईंना गाव बघायचं नाहीये, त्यांना तिथे नुसतं बसायचंय. आई म्हणाली, दिवसभर उभी असते ती, दुसरं काय सुचणार तिला?

अल खर्जला मी एका शुक्रवारी गेले. नवऱ्याने गाडीने नेलं आणि तो बाहेर पुरुषांच्या बैठकीत बसला. मी आत, जाड गालिच्यावर. त्या बाईंनी बुरखा बाजूला केला. गोल, सुरकुतलेला, अतिशय हुशार चेहरा. मी त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायला लागले. मुलगा येऊन जाऊन होता. समोरच्या थाळ्यात खजूर, गहव्याची, म्हणजे अरबी कॉफीची, सुरई, छोटे कप, आणि माझी अरबी तोडकीमोडकी. तोंडाने जमेना तेव्हा मी गाव मांडायला घेतलं. खजुरांची लांब ओळ केली, ती नदी. सुरई किल्ल्याच्या जागी ठेवली. चमचा म्हणजे पूल, पालथा कप म्हणजे चर्च. आणि बाई, तुम्ही सांगायचात तसं सगळं सांगत गेले. पुलाच्या तोंडाशी धातूचं माकड आहे, हातात आरसा, डोकं पोकळ. लोक त्याच्या डोक्यात आपलं डोकं घालून फोटो काढतात. आरशाला हात लावला तर पैसा मिळतो म्हणतात, बोटांना लावला तर माणूस गावात परत येतो, आणि शेजारी धातूचे छोटे उंदीर आहेत त्यांना हात लावला तर खूप मुलं होतात. खाला ऐकता ऐकता नदी खात होत्या. उंदरांपाशी आल्यावर त्या थांबल्या. मुलाकडे एकदा बघितलं. "याचं लग्न राहिलंय," त्या म्हणाल्या. मुलाने घाईघाईने किल्ला उचलून माझ्या कपात गहवा ओतला.

किल्ल्याच्या तळघरात लाकडाचं पिंप आहे, घराएवढं, वर चढून माणसं नाचू शकतील इतकं मोठं, असं मी म्हटलं. त्यांनी विचारलं, "त्यात काय ठेवायचे?" मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "द्राक्षांचा रस." "एवढा रस? खराब नाही व्हायचा?" "झाला," मी म्हटलं, "म्हणून तर आता रिकामं आहे." हे त्यांना पटलं. मूर्ख लोक, म्हणाल्या, लबन, म्हणजे ताक, ठेवायला हवं होतं. मग शेवटी तो प्रश्न आला. "आणि माझ्यासारखीने एवढं बघायचं कसं?" आणि तिथे तुम्ही कामी आलात. चौकात खुर्च्या आहेत, मी म्हटलं. चर्चच्या भिंतीला टेकायला जागा आहे. किल्ल्यावर न्यायला रुळावरचा डबा आहे, पायऱ्या चढायच्या नाहीत. नदीपलीकडे डोंगरातून एक वाट जाते, विचारवंतांची वाट म्हणतात तिला, तिथे मात्र जाऊ नका, फार चढ आहे. त्यांनी नदीतला आणखी एक खजूर उचलला. मग मुलाला म्हणाल्या, "बाकी सगळ्यांनी मला डॉक्टर किती मोठा आहे तेवढंच सांगितलं. हिने बसायचं कुठे ते सांगितलं. काढ तिकीट." निघताना मुलाने दारात मला एकच बजावलं. ऑपरेशनच्या आधी दोन दिवस त्या गाव बघणार होत्या, आणि गाव आवडलं नाही तर पहिल्या विमानाने परत यायचं, अशी त्यांची अट होती.

तो दिवस उजाडला तेव्हा माझं कशातच लक्ष नव्हतं. दुपारी व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर पूल दिसला. चाकाच्या खुर्चीत खाला, मांडीवर गहव्याचा थर्मास, मागे नदी. खरी नदी, बाई, पाणी असलेली. खालांनी आधी मुलाला उंदरांना हात लावायला लावला. तो म्हणाला, यम्मा, लोक बघतायत. त्या म्हणाल्या, बघू देत, त्यातली एखादी तयार होईल. त्याने एका उंदराला हात लावला, त्यांनी दुसऱ्यालाही लावायला लावला. मग मला म्हणाल्या, "आता किल्ला. यल्ला, सांग." मी आत्मविश्वासाने सांगितलं, पुलाच्या दरवाजातून आत, सरळ, चर्च लागलं की उजवीकडे वळा. मुलगा मोबाइल बघत म्हणाला, "मॅप डावीकडे दाखवतोय. आणि किल्लाही मागे डावीकडेच दिसतोय." मी म्हटलं, तो चढाचा रस्ता असेल. त्याला अजून काही बोलायचं होतं, पण खाला कडाडल्या, "बाई तिथे राहिलीय. तुझा मोबाइल राहिलाय का तिथे?" खुर्ची उजवीकडे वळली आणि फोन बंद झाला.

थोड्या वेळाने पुन्हा फोन. मुलाचा आवाज फार सभ्य होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "मॅडम, आम्ही एका तुरुंगासमोर आहोत." मागून खालांचा आवाज आला, "तिला विचार, मी काय गुन्हा केला?" भुरभुर पाऊसही सुरू झाला होता. मला काही कळेना. काड्यापेटी तर डावीकडे असायला हवी होती. मी म्हटलं, पाच मिनिटं द्या, जवळच्या कमानीखाली उभे राहा. मग टेबलावर आडवी पट्टी ठेवली, तिच्यावर पेन, पुढे पंचिंग मशीन चर्च म्हणून, उजवीकडे उलट्या मगवर स्टेपलर. बघत बसले. तुमचं गाव जसंच्या तसं. मॅनेजर शेजारून जाताना थबकले. "मॅडम, ये क्या है?" मी म्हटलं, "नदी." ते "अच्छा" म्हणून पुढे गेले. जाता जाता परत वळून म्हणाले, "कस्टमर किधर से आ रहा है?" मी पेनाच्या पलीकडे बोट दाखवलं. आणि दाखवता दाखवता मला घाम फुटला.

तुम्ही टेबलाच्या त्या बाजूला असायचात, बाई. बोटं तुमच्याकडून चालत यायची, पुलावरून. मी समोर बसलेली, म्हणजे कुठे, तर कुकरच्या मागे, भर डोंगरात. तुमचं डावं ते माझं उजवं. मी इतकी वर्षं ते गाव उलटं घेऊन फिरत होते, त्याच्यावर परीक्षा दिली, बक्षीस घेतलं आणि आता एका म्हातारीला पावसात तुरुंगापर्यंत पोचवलं. मी उठले आणि टेबलाला वळसा घालून गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसले. किल्ला डावीकडे होता. मुलाचा मोबाइल बरोबर होता.

त्या खुर्चीत मी गरजेपेक्षा जास्त वेळ बसले. तुमच्या बाजूने मी ते कधी पाहिलंच नव्हतं. तुम्हाला तिकडून पूल आधी दिसायचा, सगळं गाव पुढ्यात यायचं, आणि सगळ्याच्या शेवटी वही घेऊन बसलेली मी. तुमचा पासपोर्ट तयार होता, हे मला तुमच्या जाण्यानंतर कळलं. तिथली शिष्यवृत्तीही आली होती, आणि त्याच महिन्यात सासूबाई पडल्या. मी शेवटची भेटले तेव्हा तुम्ही जिना उतरणंही सोडलं होतंत. मी विचारलं, बाई, एकदा जाऊन या ना. तुम्ही म्हणालात, "आता भाजीला जायला कुणी मिळालं तरी पुरे." आणि पोह्यांवर खोबरं घालायला उठलात.

फोन वाजला. मी ठरवलं, आता खरं सांगून टाकायचं. खालांनाच फोन द्या म्हटलं. "खाला, डावीकडे वळायचं होतं. माझं चुकलं. मी त्या गावात कधी गेलेलीच नाही." टेबल गेलं, मला वाटलं, आणि त्यांचा गुडघाही माझ्यामुळे तसाच राहणार. मग हसू ऐकू आलं, आधी बारीक, मग चांगलं गदगदून. "ते मला घरीच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "जिथे माणूस राहिलेला असतो त्या गावाबद्दल एक तरी तक्रार करतो. तू एकही केली नाहीस." मी विचारलं, मग माझं ऐकून उजवीकडे का वळलात? "मुलगा फार शहाणपणा करत होता." तोवर मुलगा वर तुरुंग बघून आला होता. रात्री आरडाओरडा केला, डुकरं सोडून दिली, असल्या गुन्ह्यांसाठी पोरांना कोंडायचे आणि पोरं भिंतींवर चित्रं काढत बसायची, असं तो आईला सांगत होता. खाला म्हणाल्या, तू शिकायला इथे असतास तर तुझंही चित्र असतं. ऐकून वाटलं की त्यांना गाव आवडलंय.

संध्याकाळी किल्ल्यावरून पुन्हा फोन आला. रुळाचा डबा सापडला होता, पायऱ्या खरंच नव्हत्या. खालांना पिंपाशी नेलं होतं, आणि त्यांनी लाकडाला नाक लावून वास घेतला होता. "मी जन्मभर दुधाच्या धंद्यात आहे," त्या म्हणाल्या. "नाकाला फसवता येत नाही. हा नुसता रस नव्हता." मी कबूल केलं, वाइन होती. "तुझ्या दोन्ही थापा पकडल्या. आता झोप. मी उद्या दवाखान्यात दाखल होतेय."

गुडघा छान झाला. महिन्याभराने त्या एजन्सीत आल्या, काठी घेऊन, पण स्वतःच्या पायाने, आणि सोफ्यावर स्वतःहून बसल्या. त्यांच्यामागोमाग अल खर्जहून त्यांची बहीण आली, मग जाऊ, मग जावेची विहीण. सगळ्यांना तेच गाव हवं आणि बसायच्या जागा माझ्याकडून ऐकायच्या. मी आता सगळ्यांना डावीकडे पाठवते. मॅनेजर घसा खाकरत नाहीत. टेबल आहे तिथेच आहे, फक्त एसीखाली बादली ठेवली आहे. मुलाचं लग्न अजून ठरलेलं नाही. खालांच्या मते त्याने तिसऱ्या उंदराला हात लावायला हवा होता.

आता दुसरा गुडघा आहे. या वेळी खाला म्हणाल्या, तू बरोबर चल, मुलाला माझ्या चालीने चालता येत नाही. मी आढेवेढे घेतले, घर, पोरगा, सुट्टी. त्यांनी हात हलवला, "खलास," म्हणजे विषय संपला. मॅनेजरनी रजा दिली, नवऱ्याने स्वयंपाक जमेल म्हणून सांगितलं, आणि ते खरं नाही हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. इथून जाऊन परत यायचा एक्झिट री-एन्ट्रीचा परवाना झाला, जर्मनीचा व्हिसाही परवा आला. पुढच्या आठवड्यात निघायचं. माझ्या मुलाने जेवताना मान वर न करता विचारलं, "आई, बट डू यू ॲक्च्युअली स्पीक जर्मन?" मी म्हटलं, बोलते की. आणि मग मला जेवण गेलं नाही.

हे पत्र मी टेबलाच्या खणात ठेवणार आहे. पाठवायचं तरी कुठे? तुमचा ब्लॉक विकला गेला, तिथे आता कोण राहतं माहीत नाही. पण जायच्या आधी तुम्हाला तरी सांगून ठेवते, बाई. आजवर मी एकाही जर्मन माणसाशी जर्मनमध्ये एक वाक्यसुद्धा बोललेली नाही. जेवढं बोलले तेवढं तुमच्याशीच बोलले, आणि ऐकून कुणा जर्मनाला ते समजलं असतं की नाही, हे आपल्या दोघींनाही कधी कळलं नाही.